फुईच्या नावाची मूठ

सकाळी आमच्या घरात पहिला आवाज फुईच्या झाडूचा यायचा. आधी मागचं खळं, मग गोठा, मग अंगण. झाडू थांबला की चुलीचा धूर, आणि गावाबाहेरची पिठाची चक्की पुकपुक करायला लागली की माय म्हणायची, उठा आता, दिवस डोक्यावर आला. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, द्वारका. बाकीचे लोक आत्या म्हणतात, आम्ही फुई. तिला साक्रीकडच्या एका गावात दिलं होतं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि दुसरीने हिला राहू दिलं नाही. एक पत्र्याची पेटी घेऊन ती एस.टी.तून उतरली तेव्हा मी नीट बोलायलाही शिकले नव्हते. त्या दिवशी कोणी रडलं-बिडलं नाही, असं माय सांगायची. स्वयंपाक अर्धा झाला होता. फुईने हात धुतले आणि परातीतलं पीठ पुढे ओढलं. तेव्हापासून ती आमच्याकडेच होती, तरी कोणी विचारलं तर माझे वडील म्हणायचे, "बहीन येल शे." म्हणजे बहीण आलेली आहे. मी सोळा-सतरा वर्षांची झाले, तरी ती आपली आलेलीच होती.

आमचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला. घर मातीच्या धाब्याचं. पुढे ओसरी, मागे खळं, आणि खळ्याच्या टोकाला एक सुटी खोली, तिला एक दार खळ्यात, दुसरं गल्लीकडे. वडिलांचं नाव यशवंत, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. केळी आणि कपाशी, दोन्ही होती. केळीचं पाणी भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवरून यायचं, त्यामुळे कोणाशी फार वाकडं बोलून चालत नसे. जेवण म्हणजे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, मिरचीचा ठेचा आणि एखादी पातळ भाजी. उन्हाळ्यात धाब्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत टाकलेल्या असायच्या. फुईच्या बिबड्या गावात नावाजलेल्या, त्यामुळे आमच्या संपल्या की ती दुसऱ्यांच्या करायला जायची. बाळंतपण असो, कोणाचा ताप असो, लग्नाच्या कुरडया असोत, फुईला बोलावणं यायचंच. माझी शाळा चौथीला सुटली होती. पुढे कशाला शिकवायचं, असं घरात सगळ्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

भाऊंचा मोठा भाऊ म्हणजे नाना. तो धुळ्याला शाळेत मास्तर होता. बायको गेली, नोकरी संपली, तसा तो एक ट्रंक आणि पुस्तकांची दोन पोती घेऊन गावी आला आणि खळ्यातल्या त्या सुट्या खोलीत बसू लागला. निजायला ओसरीवर, बसायला खोलीत. तो बोलायचा शाळेतली मराठी. आम्ही सगळे खान्देशी बोलायचो आणि तो आम्हाला त्याच्या मराठीत उत्तर द्यायचा. त्यात कोणाला काही वाटत नसे.

नानाच्या डोक्यात एक खूळ होतं. माणसांचा समाज म्हणून जो काही असतो, तो अख्खा, एका नजरेत दिसेल असा मांडून दाखवायचा. मला म्हणाला, "इंदू, डॉक्टर पोट पाहतो, तलाठी जमीन पाहतो, पुढारी मतं पाहतो. प्रत्येकाला हत्तीची एकेक बाजू दिसते. सगळं मिळून एक अंग आहे, ते कोणी पाहतच नाही." मी विचारलं, मग तू कसं पाहशील? तो म्हणाला, "मांडून."

गोठ्यात एक जुनं, मोडलेलं दार पडलं होतं. ते त्याने खोलीत दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर चुन्याने आमचं गाव काढलं. आमची आळी, पाटलाची आळी, देऊळ, विहीर, चक्की, पलीकडे भिलांची वस्ती, भिलाटी. मग सामत्याने भोकं पाडून त्यात कपाशीच्या काड्यांच्या खुंट्या रोवल्या. एक खुंटी म्हणजे एक माणूस. आणि खुंटीपासून खुंटीला दोरे. अन्न देण्याघेण्याचा दोरा पांढरा, कामाचा केळीच्या वाळक्या सोपटाचा, सोयरिकीचा लाल, अबोल्याचा काळा. नानाच्या बोटांना संधिवात होता, म्हणून गाठी मी मारायचे. दुपारची भांडी झाली की मी खोलीत. आधी मला वाटलं, म्हातारा एकटेपणाने बिघडला. पण एके दिवशी मी चक्कीवाल्याचा एक दोरा गंमत म्हणून ओढला आणि भिलाटीतल्या खुंट्या हलल्या. मी दुसरा ओढला, तर आमच्याच घरातली मायची खुंटी वाकली. मग मला नाद लागला. त्या दारावर मी जितकं शिकले तितकं शाळेत शिकले नाही, हे नानालाही आवडलं नसतं, कारण तो शाळेतलाच होता.

गावाला कळायला वेळ लागला नाही. लोक बघायला यायचे आणि प्रत्येक जण आधी स्वतःला शोधायचा. आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात थोर झिपरूआबा काठी टेकत आले. दारावर वाकून म्हणाले, "मास्तर, मी कोन्ता?"

नानाने खुंटी दाखवली.

"मी इतला बारीक?"

"सगळेच तितके आहेत, आबा."

"आनी हाऊ काया दोरा कसाना शे?"

"तो तुमच्या धाकट्या भावाकडे जातो. तुम्ही बोलत नाही."

"बोलत नही, ते गावले सांगानी काय गरज शे? सोड तो. नही ते पांढरा बांध."

"तुम्ही बोला, मी लगेच पांढरा बांधतो."

आबा काठी उचलून निघून गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले, दोरा तसाच आहे का ते पाहिलं आणि परत गेले. भावाशी मात्र बोलले नाहीत. गावात अशी माणसं असतात म्हणूनच गाव टिकतं की असतात म्हणूनच मोडतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळं जमत आलं आणि नाना फुईपाशी अडला. त्याचा एक नियम होता, जो माणूस ज्या घरी हक्काने जेवतो, त्याची खुंटी त्या घरात. फुईचे दोरे गावभर जात होते. खुंटी मात्र कुठे रोवायची ते ठरेना. आमच्या घरात रोवली की तो पुटपुटायचा, हक्काने कुठे, आणि काढून घ्यायचा. साक्रीचं गाव तर दाराच्या बाहेरच होतं. ती खुंटी बरेच दिवस त्याच्या खिशातच होती.

फुई खोली झाडायला यायची तेव्हा दाराकडे बघतही नसे. एकदा मात्र झाडू हातात तसाच धरून थांबली. म्हणाली, "नाना, ह्यामा मी कोठे शे?"

"तुझं ठरत नाही गं."

"का बरं?"

नानाने खिशातली खुंटी चाचपली. फुईने दाराखालचा केर ओढून काढला. मग चुन्याच्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "आनी हाई कोनी जागा शे?"

"ती ही आपली हीच खोली. तिथे कोणी राहत नाही."

"बरं," फुई म्हणाली. "पाय उचल, केर काढू दे."

श्रावण लागला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. देवीचा नारळ, त्याला नथ, डोळे, पाटावर फुलांची आरास, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर बोळवण. पण खरा मामला असतो रोटाचा. अख्ख्या भाऊबंदकीचा गहू एका जागी मापतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, पाळण्यातला पोरगा असला तरी त्याच्या नावाची. तो गहू दळायचा आणि ज्याच्या त्याच्या वाट्याच्या पिठाच्या पोळ्या पौर्णिमेच्या आत संपवायच्या. बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, उरवायच्या नाहीत, फेकायच्या नाहीत. पुरणपोळी, खीर, सालासकट बटाटा आणि गंगाफळाची भाजी. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. तशी भाजी मला नंतर कुठे खायला मिळाली नाही. हल्ली लोक त्यात साखर घालतात, बिघडवतात. बायकांच्या नावाची मूठ नसते. सुना नवऱ्याच्या मुठीत खातात, कुवाऱ्या मुली बापाच्या. लग्न झालेल्या लेकीचा रोट तिच्या सासरी, म्हणून माहेरचा तिला चालत नाही, असा आमच्या भाऊबंदकीचा नेम. त्यामुळे ते सगळे दिवस फुई खळ्यात तीन दगड मांडून स्वतःची भाकर वेगळी भाजायची. आमचा रोट दळायला ती चालायची, खायला नाही. मी लहान असताना तिच्या भाकरीचा तुकडा मागायला गेले की ती म्हणायची, जा, तुझं गोड खा जा.

त्या वर्षी कानबाई आमच्या घरी बसणार होती, म्हणून गहू आमच्याच अंगणात मापायचा होता. भाऊंनी दोन दिवस आधी अंगण सारवून घेतलं. नवीन पाटी, तिच्यात धुतलेलं फडकं. झिपरूआबा पाटीजवळ बसले. एकेका घरातला थोरला यायचा, नाव घ्यायचा, मूठ टाकायचा, वर चिमूटभर सव्वाची. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आणि आमच्या मागे फुई सूप घेऊन गव्हातले खडे काढत बसलेली. आमची पाळी आली. थोरला म्हणून नाना उठला. त्याने स्वतःचं नाव घेतलं, मूठ टाकली. भाऊंचं घेतलं, टाकली. माझा भाऊ सुभाष, त्याची टाकली. मग चौथ्यांदा हात पोत्यात घातला आणि म्हणाला, "द्वारका."

गहू पाटीत पडला. आवाज सगळ्या मुठींसारखाच होता.

"कोन द्वारका?" आबांनी विचारलं.

"माझी बहीण."

"बहीनना रोट तिना सासरे ऱ्हास."

"सासर राहिलं नाही, आबा. इतकी वर्षं ती इथे जेवते. हक्काने जेवते असं मी धरून चाललो आहे."

"तू धरं. आम्ही कवय धरं? काढ ती मूठ."

नाना शांतपणे म्हणाला, "कशी काढू? तिचे दाणे ओळखून द्या, काढतो."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कारण प्रकरण खरंच तसं होतं. गहू मिसळला होता. आता तो एकट्या आमच्या घरचा राहिला नव्हता, सगळ्या भाऊबंदकीचा झाला होता. खावा तर नेम मोडतो. टाकावा तर देवीचा रोट टाकला असं होतं. नवा मापावा तर आधीच्याचं काय करायचं, कोणाला माहीत नव्हतं, कारण असं कधी झालंच नव्हतं. माणसं उठून उभी राहिली. कोणी म्हणालं, आमची कानबाई आम्ही वेगळी बसवू. कोणी विहिरीचं नाव काढलं. माझी सोयरीक तेव्हा नशिराबादला चालली होती, ती आबांच्याच शब्दावर. मायने माझा हात दाबला. तिला माझी काळजी होती. मला आपली फुईकडे बघायची घाई झाली होती. ती मान खाली घालून खडे काढतच होती.

भाऊ नानाजवळ गेले. थोरल्या भावाशी ते कधी वरच्या आवाजात बोलत नसत. तेव्हाही हळूच म्हणाले, "नाना, तुनं दार तू खोलीमा ठेव. अंगनमा आनू नको."

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांना वाट काढायची होती. ते म्हणाले, "द्वारकाले बोलाव. तिनी बठ्ठास्ना समोर सांगो, मी पाहुनी शे म्हनीसन. मंग ती मूठ धरम समजीसन सोडी देऊत. रोट तसाच दयाना."

म्हणजे फुईने आपल्या तोंडाने सांगायचं की मी या घरची कोणी नाही, मग तिची मूठ दानधर्मात धरायची, की भाऊबंदकी मोकळी. आणि नानाला वाटत होतं, ती उभी राहील आणि म्हणेल, हे माझं घर आहे. सगळे तिच्याकडे बघायला लागले. फुई उठली. सूप भिंतीला टेकवून ठेवलं, हात पदराला पुसले आणि अंगणात आली.

"द्वारका, घाबरू नकोस," नाना म्हणाला. "खरं असेल ते सांग."

"तू माले इचारं व्हतं का, नाना?" ती म्हणाली. "तुना नावनी मूठ टाकू का, असं?"



फुई आबांकडे वळली. "मी पाहुनी शे, आबा. बठ्ठास्ना समोर सांगस. पन पाहुनी चार दिन ऱ्हास आनी आपला घर जास. माले सांगा, मी कोठे जाऊ?"

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "हाई काय बोलनं झायं?"

"खळामानी खोली माले द्या. तिले गल्लीवर दार शे. चूल मी घालसू, खासू मी मना हातनं. मंग मी पाहुनी, तुमना रोट तुमले. नही ते मूठ टाकेल शे, ती राहू द्या."

आता भाऊंना लागलं. "आठे काय कमी शे तुले?" ते म्हणाले. खरंच दुखावले होते ते. त्यांनी बहिणीला कधी उणं बोलल्याचं मला आठवत नाही.

"कमी काहीच नही, यशवंत. रांधस मी, पन जेवन तुनं शे. एक दिन मनं जेवन तू खाय."

बाईमाणूस एकटं राहणार, वेगळी चूल, गल्लीला दार, हे एरवी कोणी ऐकून घेतलं नसतं. पण समोर पाटी भरलेली होती आणि रविवार जवळ आला होता. आज आमच्या नात्यातले लोक सांगतात की त्या काळचे भाऊबंद मोठ्या मनाचे होते, त्यांनी बाईला घर दिलं. मी तिथे होते. मन मोठं-लहान काही नव्हतं, गहू अडकला होता. आबांनी पाटीकडे पाहिलं, मग भाऊंकडे, आणि म्हणाले, "देई टाक रे खोली. रिकामीच शे." मग फुई सगळ्यांसमोर म्हणाली, मी पाहुणी आहे, आणि परत येऊन सूप हातात घेतलं. मायने तिला विचारलं, हे तू कधीपासून मनात धरलं होतं? फुई म्हणाली, खडे बघ, बोलू नको.

माझी सोयरीक मोडली नाही. कानबाई बसली, रोट दळला गेला, सगळ्यांनी खाल्ला. फुईने आपली भाकर त्या दिवसांत खळ्यात भाजली नाही. खोलीत ओल्या मातीची चूल घालून तिथेच भाजली. खोली रिकामी करताना नानाचं ते मांडलेलं दार मी आणि सुभाषने गोठ्यात नेलं. खोलीच्या दारातून काढताना तिरकं करावं लागलं आणि दोरे एकमेकांत गुंतले. नाना मला म्हणाला, "तिला आत घ्यायचं म्हणून केलं आणि ती बाहेर गेली." मी म्हटलं, बाहेर कुठे, खळ्याच्या टोकाला तर आहे. त्याला ते पटलं नाही. पुढे शेळ्यांनी केळीचं सोपट खाऊन टाकलं आणि नानाने पुन्हा कधी दोरे बांधले नाहीत. मी टीव्हीवर समाजावर बोलणारी माणसं बघते, एकाला जात दिसते, एकाला पैसा. नाना म्हणायचा ते खरं होतं, सगळं एकत्रच बघायला हवं. आणि ती रिकामी जागा फुईला त्याच्याच दारावर दिसली, हेही खरं. त्याचं चुकलं एवढंच की रोवली तिथे खुंटी उभी राहते, असं त्याने धरलं होतं. काडी राहते. बाई राहीलच असं नाही.

नाना त्यानंतर फुईशी फार बोलत नव्हता. रागावला म्हणावं तर तसाही दिसत नव्हता. ओसरीवर पुस्तक उघडून बसायचा आणि पान उलटायचा नाही. पौर्णिमा झाली, रोट संपला. त्यानंतरची एक दुपार. मी फुईकडे बसले होते, वांगी चिरत. ती कळण्याची भाकर थापत होती. खोलीत एक पेटी, एक चटई, खुंटीला लुगडं, बाकी काही नाही. गल्लीकडचं दार लोटलेलं होतं. बाहेर गल्लीत कोणीतरी खोकलं. आत कोणी आलं नाही. पुन्हा खोकलं.

फुईने भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "देख, कोन शे," ती म्हणाली.

मी डोकावले. "नाना शे."

"इचार, काय काम शे."

नाना खळ्यातून येऊ शकला असता, तिकडचं दार उघडंच होतं. तो सगळा वळसा घालून गल्लीने आला होता. बाहेरूनच म्हणाला, "काम काही नाही. भूक लागली आहे."

फुईने भाकर उलटली, फुगू दिली, मग चुलीच्या तोंडाशी उभी केली. तेवढा वेळ तो बाहेरच उभा राहिला. मग तिने पोतं झटकून अंथरलं आणि म्हणाली, "ये."

दार ठेंगणं होतं. तो वाकून आत आला, बसला, ताटाला नमस्कार केला, जेवू लागला. फुई ताटाकडे बघत होती. आमच्या घरात ती वाढायची तेव्हा कोणाला विचारत नसे, भाकर ताटात टाकून मोकळी व्हायची. त्या दिवशी तिने भाकर हातात धरली आणि थांबली.

"आखो एक देऊ का, नाना?"

"दे," नाना म्हणाला.